माहेरपणाला आलेली पाखरं

आमचं आजोळ शेवगाव तालुक्यात. थंडीत ज्वारी हुरड्यावर आली, की नाना माझ्या हातात गोफण द्यायचे आणि मचाणावर उभं करायचे. काम एकच. भोरड्या हाकलायच्या. हजारांचा थवा काळ्या-गुलाबी ढगासारखा कणसांवर उतरायचा. मी ओरडायचो, गोफण फिरवायचो, थवा उठून बांधापलीकडे जायचा आणि माझी पाठ वळली की पुन्हा हजर. एकदा मी नानांना विचारलं, "ह्यांची घरटी कुठे असतात?" नाना म्हणाले, "बेटा, यांना घर नसतं. हे नुसते खायला येतात."

नानांचं म्हणणं अर्धं खरं होतं. भोरड्यांना घर असतं, पण ते इथं नसतं. पावसाळा सरता सरता त्या आपल्याकडे येतात, ज्वारी खातात, पांगारा-सावरीच्या फुलांतला रस पितात आणि उन्हाळा लागला की मध्य आशियाकडे परततात. तिथल्या माळांवर दगडांच्या सांदीकपारीत त्यांची पिल्लं होतात. आपल्या जिल्ह्यात येणारे बहुतेक पाहुणे पक्षी असेच. जायकवाडीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हंस, चक्रवाक, ओढ्याकाठी शेपटी हलवत फिरणारे धोबी, हे सगळे थंडीपुरते मुक्कामी. त्यामुळे स्थलांतरित पक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिवाळा आणि धरणाचं पाणी येतं. वर्तमानपत्रांतले फोटोही त्याच दिवसांत छापून येतात.

पण मला आज सांगायचं आहे ते दुसऱ्याच पाहुण्यांबद्दल. हे पाहुणे येतात पावसाच्या तोंडावर, उतरतात रानात, आणि ते नुसते खायला येत नाहीत. ते गातात, जोडी जमवतात, घरटं बांधतात, पिल्लं उडती करतात आणि मग जातात. थंडीतले पाहुणे कामानिमित्त आलेल्या परगावच्या माणसासारखे असतात. हे मात्र बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसारखे.

आता कुणी म्हणेल, नगर जिल्ह्यात रान आहे कुठे? 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण पाऊस काही नावाबरोबर बदलला नाही. शहरात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण खूश असतो. आपली ओळख माळाची. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, तेही माळावरचंच. पण याच जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे अकोले तालुक्याचा डांगाण भाग. तिथे कळसूबाई आहे, 1646 मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड आहे, रतनगड आहे. 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण आहे. घाटघरला काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जातो. एकाच जिल्ह्यात एका टोकाला टँकर आणि दुसऱ्या टोकाला धो धो पाऊस. तिथे हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, उंबर, करवंद यांचं दाट रान आहे. 1986 पासून हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेला आहे. आपल्या पावसाळी पाहुण्यांचं माहेर हेच.

मी या रानात पहिल्यांदा गेलो तो पक्षी बघायला नव्हे. एका कविसंमेलनाला राजूरला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून रतनवाडीला गेलो. तोवर मी वीस वर्षं कविता लिहीत होतो आणि त्यांत बुलबुल हटकून असायचा. उर्दू-फारसी गझल ऐकत वाढलेला माणूस मी. गुल आणि बुलबुल माझ्या रक्तातच. पुढे कळलं, की त्या गझलेतला बुलबुल हा आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल नव्हेच. तो इराणकडचा, साधा तपकिरी रंगाचा, रात्री गाणारा वेगळाच पक्षी. हिंदुस्थानात तो क्वचितच दिसतो. म्हणजे वीस वर्षं मी न पाहिलेल्या पाखराचं गाणं, न ऐकता, कागदावर उतरवत होतो. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापासून थोडं पुढे, ओढ्याच्या काठी, मला माझा खरा 'बुलबुल' दिसला. गंमत म्हणजे त्याच्या नावातही बुलबुल आहे. उत्तरेत त्याला शाहबुलबुल म्हणतात, दूधराजही म्हणतात. मराठीत तो स्वर्गीय नर्तक.

नर दुधासारखा पांढरा, डोकं काळंभोर, त्यावर तुरा, आणि शेपटीतून निघालेल्या फूटभर लांब दोन पांढऱ्या फिती. या फांदीवरून त्या फांदीवर माश्या-किडे टिपायला झेपावतो तेव्हा मागे त्या फिती हवेत लहरत राहतात. मादी विटकरी रंगाची, तिला फिती नसतात. गोंधळ होतो तो तरुण नरांमुळे. तेही विटकरीच असतात, पण फितीवाले. पांढरा अंगरखा मिळायला काही वर्षं जावी लागतात. मे ते जुलै हा त्यांचा विणीचा हंगाम. घरटं म्हणजे वाटीएवढा खोलगट गोल, बारीक गवत आणि मुळ्यांचा, बाहेरून कोळिष्टकांनी लिंपलेला. बहुधा पाण्याजवळच्या झाडावर, खालच्या बारीक फांदीच्या बेचक्यात. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात. नर बसला की त्याच्या फिती घरट्याबाहेर लोंबत असतात. सुमारे दोन आठवडे उबवणं, मग दहा-बारा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर. घरटं बांधण्यापासून धरलं तरी सगळा संसार साधारण महिना-दीड महिन्याचा.

ही पाखरं नेमका पाऊसच का निवडतात? उत्तर पोटात आहे, तेही पिल्लाच्या. मोठा पक्षी फळं, मध, दाणे, काहीही खाऊन निभावून नेतो. पिल्लाला मात्र वाढीसाठी किडे आणि अळ्या लागतात. पहिला पाऊस पडला की कोवळी पालवी येते, पालवीवर अळ्या येतात, हवेत पंखवाले किडे दाटतात. त्या भरल्या ताटाच्या वेळी पिल्लाची चोच उघडी हवी, असा हिशेब असतो. शिवाय पानं दाट झाल्यामुळे घरटं झाकलं जातं. हा हिशेब पाखरू पंचांग बघून करत नाही. दिवस मोठा होत जातो तसं त्याच्या शरीरात रसायनं पालटतात, नराला कंठ फुटतो, जोडीची ओढ लागते.

दुसरा पाहुणा नवरंग. याचा प्रवास फार लांबचा. थंडीत तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. मे-जूनमध्ये पावसाच्या पुढेमागे उत्तरेकडे सरकतो. पाठ हिरवी, पोट पिवळसर, शेपटीखाली लाल, पंखावर चमकदार निळा डाग, डोळ्यातून गेलेला काळा पट्टा, आणि शेपटी जवळपास नाहीच. इतके रंग अंगावर असून दिसायला महाकठीण, कारण तो पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. त्याची दोन सुरांची स्वच्छ शीळ मात्र पहाटे आणि संध्याकाळी लांबवर ऐकू येते. तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताचं पाखरू' अशा अर्थाचं नाव आहे. त्याचं घरटं म्हणजे काटक्या-पानांचा मोठा गोळा, बाजूने वाटोळं दार, जमिनीवर किंवा ठेंगण्या फांदीवर. चालताना पाय कुठे पडतो ते बघायला हवं, ते याच्यासाठी.

नवरंग रात्री प्रवास करतो. वाटेत दिव्यांनी भांबावून, थकून तो कधीकधी शहरात उतरतो, काचेवर आपटतो. असा एक नवरंग एका मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या जिन्यात सापडला. पोरांनी त्याला दूध पाजायचा घाट घातला होता. असं काही करू नये. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडकं घालून अंधारात, शांत ठेवावं, बळेच काही पाजू नये आणि वनखात्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरांना कळवावं. आमचा पाहुणा दोन तासांत सावरला. संध्याकाळी झाडाखाली खोकं उघडलं, तेव्हा क्षणभर आमच्याकडे बघून तो भुर्रकन गेला.

तिसरा शीळकरी कस्तूर. हा लांबचा प्रवासी नाही. थंडीत डोंगरातून खाली, आसपास पांगतो आणि पावसाळ्यात धबधब्यांशी परत येतो. एखादा पोरगा वाट चुकल्यासारखा, चाल विसरत शीळ घालत जावा, तसं त्याचं गाणं. पाण्याच्या आवाजावर मात करून ते ऐकू येतं. घरटं धबधब्याशेजारच्या कपारीत. आपण जिथे फोटो काढायला उभे राहतो, बहुधा तिथेच कुठेतरी हाताच्या अंतरावर.

हे पक्षी गातात कशासाठी? आपल्याला वाटतं आनंदासाठी. असेलही. पण मुख्य कारणं दोन. 'हा तुकडा माझा आहे' हे दुसऱ्या नराला सांगणं, आणि 'मी इथे आहे' हे मादीला सांगणं. पहाटे वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो. किडे दिसायला उजेड पुरेसा नसतो, म्हणून गायला सवड असते. मी फजरच्या नमाजाला उठतो, तेव्हा नेमकी तीच वेळ असते. अजान संपते आणि शेवग्यावर दयाळ सुरू होतो. एक शास्त्रीय बारकावाही सांगतो. कस्तूर, दयाळ यांच्यासारखे खरे गायक पक्षी आपलं गाणं वडीलधाऱ्यांचं ऐकून शिकतात. लहान मूल बोबडं बोलतं तसं त्यांचं पिल्लू आधी बोबडं गातं. नवरंगाचं घराणं वेगळं. त्याची शीळ जन्मजात मानली जाते, तिला उस्ताद लागत नाही.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट. 2011 सालचा जून. त्याच ओढ्याकाठी करवंदीवर झुकलेल्या जांभळीच्या फांदीवर मला शाहबुलबुलाचं घरटं सापडलं. आनंदाने मला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी कॅमेरावाला मित्र घेऊन गेलो. घरट्यावर एक पानांची डहाळी आडवी येत होती. आम्ही ती दोरीने मागे ओढून बांधली. तोडली नाही, याचाच मोठेपणा वाटत होता. तासभर बसलो. मादी चोचीत किडा घेऊन तीनदा जवळ आली, कर्कश ओरडली आणि तीनदा परत गेली. आम्ही म्हणालो, काय सुंदर पोज देते आहे! रात्री मुक्कामाच्या घरी मी त्या घरट्यावर कविताही लिहिली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी गेलो तर घरट्यात काहीही नव्हतं. कडेला ओलं पीस चिकटलेलं, आणि वर सादड्यावर दोन कावळे.

ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांना सगळी वाडी मामा म्हणते. हिरडा गोळा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी बांधलेली डहाळी पाहिली, दोरी सोडली आणि म्हणाले, "कविराज, ते बाळंतपणाला आलेलं पाखरू हाये. बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं शिरतं का?"

मी गप्प झालो. आमच्या घरी बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात. खोलीला पडदा, दाराशी शेगडी, बाहेरच्याने आत यायचं नाही. हिंदूंच्या घरातही रीत तीच. ती डहाळी म्हणजे तो पडदा होता. आम्ही तो दूर केला तेव्हा तीन गोष्टी एकदम घडल्या. पिल्लांवरचं छत गेलं. पानांवर पडायचा पाऊस थेट त्यांच्यावर पडला, आणि पिसं न फुटलेलं पिल्लू भिजलं की थोड्या वेळात गारठतं. आमच्या भीतीने मादी बाहेर राहिली, म्हणजे ऊब आणि घास दोन्ही तुटलं. आणि कावळ्यासारखा हुशार पक्षी माणूस कुठे टक लावून बघतो, पाखरू कुठे आकांत करतं, ते हेरतो. आम्ही त्याला पत्ता दाखवला. शाहबुलबुल पुष्कळदा कोतवालाच्या घरट्याच्या आसऱ्याने घरटं करतो. कोतवाल कावळ्याला, शिकऱ्याला पिटाळून लावतो, म्हणून तर त्याचं नाव कोतवाल. पण माणसाने घातलेल्या गोंधळावर त्या कोतवालाकडेही इलाज नसतो.

ती कविता मी कुठेही छापली नाही.

आपल्या नगरमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. घायाळ पक्षीण पिल्लांकडे परतते, ती कविता. वाचताना आपला राग मारणाऱ्यावर असतो. आपल्या हातात गोफण नाही, बंदूक नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. मलाही वाटायचं. पुढे कधीतरी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचनात आला. त्यात शिकार या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात मारणं, पकडणं येतंच, पण रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही शिकारीतच मोडतं. दोरीने डहाळी बांधणारा मी कायद्याच्या भाषेत शिकारी होतो.

डॉ. सालिम अली यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. 1908 च्या सुमारास, लहान वयात, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालते का, असा प्रश्न त्या मुस्लिम घरातल्या मुलाला पडला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथून एक पक्षिशास्त्रज्ञ घडला. 1985 साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरून ठेवलं. चूक झाली हे महत्त्वाचं नाही, त्यानंतर प्रश्न पडला हे महत्त्वाचं. एवढाच धागा धरून मी माझ्या मनाची समजूत घालतो.

तेव्हापासून मी काही रीती पाळतो. त्या सांगतो, कारण भंडारदऱ्याला मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला हजारो माणसं जातात. ज्या हिरडा-सादड्यांवर काजवे लुकलुकतात, त्याच रानात या पाखरांची नेमकी तीच वेळ असते. वनखात्याने काही वर्षी वाहनांवर, वेळेवर बंधनं घातली, पण बंधन शेवटी आपलं आपण घालायचं असतं. गाडीचे दिवे आणि गाणी बंद ठेवावीत. रानात पायवाट सोडू नये. घरटं शोधायला जाऊच नये. नकळत दिसलं तर न थांबता पुढे जावं, लांब जाऊन बसावं आणि दुर्बिणीतून बघावं. पाखरू चोचीत घास घेऊन घुटमळत असेल, घरट्यात जात नसेल, एकसारखं ओरडत असेल, तर ते आपल्याला 'जा' म्हणत असतं. लगेच उठावं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नये. नराला वाटतं, कुणी वैरी घरात शिरला. तो घास आणायचं सोडून, नसलेल्या वैऱ्याशी भांडत राहतो. घरट्याचा फोटो काढू नये, आणि चुकून काढला तर ठिकाणासह कुणाला पाठवू नये. वहीत तारीख, वेळ, झाड, गाणं यांची नोंद करावी. ई-बर्डवर नोंद टाकावी, पण घरट्याची नेमकी जागा लिहू नये.

आणि मुख्य म्हणजे कान वापरावेत. पावसाळी रानात डोळ्यांना फार थोडं दिसतं, कानांना खूप. एका जागी अर्धा तास गप्प बसलं, की ओढ्याच्या आवाजातून कस्तुराची शीळ वेगळी होते, मग कोतवालाच्या नकला, मग दूर कुठेतरी नवरंगाचे दोन सूर. गाणं दोन आठवडे रोज एकाच बाजूने येतं आणि एक दिवस मंदावतं. तेव्हा समजावं, की आता गायला फुरसत नाही, घरात खाणारी तोंडं आली. घरटं न बघताही ही सगळी हकिकत ऐकू येते.

मागच्या जूनमध्ये मामांच्या पडवीत बसलो होतो. पाऊस थोडा उघडला होता. ओढ्यापलीकडे पांढऱ्या फिती दोनदा हलल्या आणि पानांत दिसेनाशा झाल्या. मी उठायला लागलो, तसे मामा हसले. म्हणाले, "बसा, चहा येतोय. त्येचा त्यो बघून घेईल." मी बसलो. चहा होईपर्यंत त्या फिती आणखी चार वेळा आल्या-गेल्या. म्हणजे घरटं तिथेच कुठेतरी होतं. कुठल्या फांदीवर, ते मला अजूनही माहीत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)